सटीची रात्र आणि आठवा दिवस

माझ्या आजीला कुणी विचारले, की तुला मुले किती, तर ती नेहमी दोन आकडे सांगायची. झाली नऊ, राहिली पाच. चवथीला घर भरले, माटोळीखाली सगळी नातवंडे जमली, की त्या पाचांची नावे ती हाका मारून मारून घ्यायची. गेलेल्या चौघांपैकी दोघांची नावे मात्र तिने कधीच घेतली नाहीत. कारण त्यांना नावेच नव्हती. बारसे व्हायच्या आधीच ती गेली होती.

लहानपणी मी तिला एकदा विचारले होते, कशाने गेली म्हणून. ती एवढेच म्हणाली, “सटी जागयली रे पुता, पूण आठव्या दिसा भुरगें गेलें.” त्या वेळी मला त्यात काही कळले नाही. पुढे डी. फार्म. होऊन मी सरकारी आरोग्य खात्यात औषधनिर्माता म्हणून लागलो, लसींचा फ्रीज माझ्या ताब्यात आला, तेव्हा आजीच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला हळूहळू उलगडत गेला. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा असे मंडळाने सांगितले तेव्हा हाच विषय डोळ्यांपुढे आला. आपल्यापैकी बहुतेकांची घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्याही घरात अशी एखादी आजी, पणजी होऊन गेली असेल, जी मुलांचे दोन आकडे सांगत असे.

सटी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरची सहावी रात्र. घाटावर तिला सटवाईची पूजा म्हणतात, कुठे पाचवी पुजतात, कुठे सहावी. आमच्याकडे पाटावर तांदूळ, नारळ, कोरा कागद आणि लेखणी ठेवत. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटे ठेवायचे नाही आणि घरातल्यांनी झोपायचे नाही. शेजारच्या बायका येत, गप्पागाणी होत, आणि कोंबडा आरवेपर्यंत जागरण चाले.

ही चाल फार जुनी आहे. सटी हा शब्द षष्ठीवरून आला. षष्ठी ही बालकांची रक्षण करणारी देवता, आणि तिचा संबंध पुराणांनी जोडला तो स्कंदाशी, म्हणजे आपल्या गणपतीच्या भावाशी. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग, कौमारभृत्य, हे केवळ बालकांसाठी आहे. त्या शाखेच्या काश्यपसंहितेत या देवतेचा विचार विस्ताराने येतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर सूतिकागार कसे असावे, नाळ किती अंतरावर बांधावी आणि कशाने कापावी, हे सारे सांगितले आहे. नाभीपासून आठ अंगुळे अंतर ठेवून, दोन्हीकडे धरून, सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या तीक्ष्ण शस्त्राने नाळ कापावी, असे तिथे म्हटले आहे. आणि त्याच प्रकरणात असेही आहे, की घरच्या बायकांनी आणि स्नेह्यांनी दहा किंवा बारा दिवस बाळंतिणीजवळ जागत राहावे.

दहा किंवा बारा दिवस! म्हणजे जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे बाळाच्या जिवाला सर्वांत धोक्याचे, हे आपल्या पूर्वजांनी पाहून ठेवले होते. कारण ठाऊक नव्हते, वेळ मात्र अचूक ठाऊक होती. सटीची चाल नेमकी यातूनच निघाली असे मी म्हणणार नाही. तेवढा माझा अभ्यास नाही. पण आजीचे वाक्य आठवले, की हा मेळ नुसत्या योगायोगाचा वाटत नाही.

आमच्या भागात या एका रात्रीला राजकीय इतिहाससुद्धा आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक मोठे फर्मान काढले होते. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी जुन्या चालीरीती पूर्ण सोडाव्यात म्हणून त्यात लग्नातल्या, जेवणातल्या, कपड्यांतल्या अनेक गोष्टींवर बंदी घातली होती. बाळाच्या सहाव्या रात्रीचे जागरणही त्या बंदीतून सुटले नाही. हे फर्मान जुन्या काबिजादींसाठी, म्हणजे बारदेश, तिसवाडी, साष्टीसाठी. शापोरा नदीच्या अलीकडे, आमच्या पेडणे महालात, तेव्हा सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता.

पुढे दहा वर्षांनी, १७४६ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला जिंकला. त्या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘मार्केज द अलोर्ना’ ही पदवी दिली. अलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. त्याची नात पुढे पोर्तुगीज भाषेतली नामांकित कवयित्री झाली आणि तीही याच पदवीने ओळखली जाते. आमच्या एवढ्याशा गावाचे नाव लिस्बनच्या दरबारात असे पोचले. पेडणे महाल मात्र कायमचा पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. तोवर काळ बदलला होता. नव्या काबिजादींतल्या हिंदूंच्या धर्मात आणि रूढींत हात घालायचा नाही, असे धोरण सरकारने ठेवले. त्यामुळे आमच्याकडे देवळे राहिली, जत्रा राहिल्या आणि घरोघरची सटीही राहिली.

सटी राहिली, आणि आठवा दिवसही राहिला. कोणत्याही राजाचे फर्मान त्या दिवसाला थोपवू शकले नाही.

आठव्या दिवशी काय होत असे? बाळ जन्मते तेव्हा ठणठणीत असते. रडते, दूध ओढते. पहिले तीन-चार दिवस काही कळत नाही. मग एका सकाळी ते तोंड नीट उघडत नाही, स्तन ओढत नाही. दुपारपर्यंत जबडा घट्ट मिटतो, मुठी आवळतात. कुणी हात लावला, भांडे पडल्याचा आवाज झाला, तरी अंग ताठ होते आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. म्हणून त्याचे नाव धनुर्वात. नवजात बाळाला तो बहुधा तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत होतो, आणि सर्वांत जास्त सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास. उपचार मिळाले नाहीत तर जवळजवळ एकही बाळ वाचत नाही.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले होते असे नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाचे एक एकाकी बेट आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे याच रोगाने जात. तिथले लोक त्याला ‘आठ दिवसांचे आजारपण’ म्हणत. बाळ जगणार याची खात्री नसल्याने आया त्याच्यासाठी आधी कपडेसुद्धा शिवून ठेवत नसत. कुठे ते थंडगार बेट आणि कुठे आमचे हळर्ण, पण मोजलेला दिवस एकच! शेवटी १८९० च्या सुमारास तिथल्या एका पाद्र्याने, अँगस फिडिस याने, ग्लासगोला जाऊन जंतुनाशक पद्धतीने नाळ कशी हाताळायची हे शिकून घेतले आणि बेटावर ते लागू केले. थोड्याच काळात तो आजार तिथून नाहीसा झाला.

कारण काय ते याच सुमारास शास्त्राला समजू लागले होते. १८८४ साली निकोलायर या जर्मन डॉक्टरने मातीतून हा रोग होतो हे दाखवले. १८८९ साली जपानी शास्त्रज्ञ कितासातो याने धनुर्वाताचा जंतू वेगळा काढला. हा जंतू मातीत आणि गुरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे पडून राहतो. त्याला हवा सोसत नाही. नाळेचा ताजा कापलेला देठ, त्यावर माती, राख किंवा शेण यांचा थर, ही त्याला वाढायला अगदी सोयीची जागा. तिथे बसून तो जे विष सोडतो, ते मज्जातंतूंतून वर चढते. जखम किरकोळ दिसते, पण विष सगळे अंग जखडून टाकते.

आता आपल्या घरांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. बाळंतपण घराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. जमीन शेणाने सारवलेली. नाळ कापायला घरातला कोयता किंवा बांबूची धारदार कामटी. देठावर चुलीतली राख. वैजीण आदल्या घरची कामे आटोपून धावत आलेली. यात कुणाचाही दोष नव्हता. शेण आपल्याकडे पवित्र, राख शुद्ध. आमच्या गावच्या वैजिणींनी पावसात, रात्री-अपरात्री, हातात चूड घेऊन डोंगर-ओहोळ ओलांडून किती बायकांचे जीव वाचवले याची मोजदाद नाही. अडलेले बाळ फिरवण्याची कला त्यांच्या बोटांत होती. त्यांना फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, की कोयता उकळत्या पाण्यात घाला आणि देठाला काहीही लावू नका.

सांगणार तरी कोण? पणजीला वैद्यकीय विद्यालय १८४२ साली निघाले. आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांत त्याची गणना होते. पण पणजी आणि हळर्ण यांच्यात नद्या होत्या, होड्या होत्या आणि दिवसभराची पायपीट होती. पेडण्याच्या माणसाला मोठे इस्पितळ म्हणजे म्हापशाचे आसिलो. तिथे माणूस नेला जाई तो अगदी शेवटच्या घटकेला. दूध न ओढणाऱ्या आठ दिवसांच्या बाळाला तिथवर नेण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. दृष्ट लागली, सटवाईने तसेच लिहिले होते, असे म्हणून आई भिंतीकडे तोंड करून निजायची.

१९६१ हे वर्ष आपण गोव्याच्या मुक्तीचे म्हणून लक्षात ठेवतो. योगायोग असा, की त्याच वर्षी एका इंग्रज वैद्यकीय नियतकालिकात न्यू गिनीच्या खेड्यांतला एक अभ्यास छापून आला. तिथे डॉक्टरांनी बाळांना नव्हे, तर गरोदर बायकांना धनुर्वाताची लस दिली. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिकारद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि बाळ जन्माला येतानाच संरक्षण घेऊन येते, हे त्यातून दिसून आले. बाळंतपण कुठेही होवो, कोयता कसाही असो, आईला वेळेवर टोचले असेल तर बाळ वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. मला हा शोध फार मोठा वाटतो. सटीच्या रात्री आई दिवा राखत बसायची. इथे तिच्या रक्तानेच राखण केली.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, हे आपण सगळे कृतज्ञतेने सांगतो. आरोग्यकेंद्रे, उपकेंद्रे आणि गावात फिरणाऱ्या नर्सबाई यांचे काम तेवढे सांगितले जात नाही. आज आमच्या पूर्व पेडण्याला कासारवर्णे येथे प्राथमिक आरोग्यकेंद्र आहे. देशभरात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला. माझा जन्म याच दरम्यानचा. मी पोटात असताना नर्सबाईंनी आईला दोन इंजेक्शने दिली. आजीचा त्याला विरोध होता, गरोदर बाईला सुई कशाला, म्हणून. आई सांगते, नर्सबाई ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि आजीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आजी, तुमची कितवी गेली?” आजी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि सुनेला बाहेर पाठवून दिले.

माझीही सटी जागवली गेली. आठवा दिवस आला आणि तसाच गेला. बाराव्या दिवशी मला नाव मिळाले.

आता थोडे आकडे देतो, कारण सरकारी माणसाला आकड्यांशिवाय राहवत नाही. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. दुसऱ्याच वर्षी या रोगाच्या उच्चाटनाचा ठराव झाला. दर हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, तेही प्रत्येक जिल्ह्यात, अशी कसोटी ठरली. भारत या कसोटीला २०१५ साली उतरला. एकूण बालमृत्यूंचे पाहिले तर १९७१ मध्ये देशात हजार जन्मांमागे १२९ बाळे वर्ष पुरे करत नसत. २०२० च्या नमुना नोंदणीत तो आकडा २८ आहे, आणि आपल्या गोव्यात ५. ज्या घरात नवातली चार जात होती, त्या घराच्या दृष्टीने हा आकडा काय आहे ते मी वेगळे सांगायला नको.

हे सारे एका इंजेक्शनाने झाले असे मात्र नाही. दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली. पाच गोष्टी स्वच्छ ठेवा असे वैजिणींना शिकवले गेले: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळेचा देठ. बाळाला पहिला चीक पाजायचा, तो पिळून टाकायचा नाही, हे घरोघर पटले. महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून हीच पद्धत देशाने आशाताईंमार्फत स्वीकारली. त्यात आशाताईने बाळाच्या घरी जायचे दिवस ठरलेले आहेत. पहिले दोन म्हणजे तिसरा आणि सातवा. मी ते वेळापत्रक प्रथम वाचले तेव्हा थबकलोच. मधोमध आपली सटी!

बाळ जगले म्हणजे सगळे झाले असेही नाही. ते वाढले पाहिजे, बोलले-खेळले पाहिजे. याचा धडाही मराठी बायकांनीच देशाला दिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ या, असे म्हणून त्यांनी अंगणवाडी सुरू केली. तो शब्द आज भारतभर चालतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रालाही हेच नाव मिळाले. आपल्या वाड्यावरची अंगणवाडीताई बाळाचे वजन काट्यावर घेते आणि तक्त्यावर टिंब मांडते, तेव्हा तिच्या मागे ही परंपरा उभी असते.

आता थोडे माझ्या कामाविषयी. लसींचा फ्रीज २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचे, हे माझे काम. लस उष्णतेने बिघडते हे लोकांना माहीत असते. धनुर्वाताची लस गोठली तरी फुकट जाते, हे फारसे कुणाला माहीत नसते. गोठून वितळलेली बाटली वरून चांगलीच दिसते. हलवून ठेवली, की औषधाचा साका भराभर तळाशी बसतो, त्यावरून ओळखायची. एकदा आषाढात वादळाने झाडे पडली आणि रात्रभर वीज गेली. फ्रीज काही तास थंडी धरून ठेवतो, पण किती तास, हे झाकण किती वेळा उघडले त्यावर असते. मी रात्रभर केंद्रावर बसून राहिलो. झाकण उघडायचे नाही, दर तासाला बाहेरून तापमान वाचायचे आणि आठच्या वर जायला लागले तर बर्फाच्या पेटीत भरून दुसऱ्या केंद्रावर न्यायचे. पहाटे वीज आली. काटा सातवर होता. घरी गेल्यावर आईला म्हटले, आज माझी सटी झाली. ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

हे सगळे आज का लिहायचे? कारण अलीकडे सुशिक्षित घरांतल्या मुलीसुद्धा विचारतात, “काका, धनुर्वात कुणी पाहिलाय आता? ही इंजेक्शने हवीतच कशाला?” मी त्यांच्यावर रागावत नाही. ज्यांनी पाहिला त्या आज्या आता नाहीत, आणि त्यांनीही कधी मोकळेपणाने सांगितले नाही. देवीचा रोग जगातून गेला, त्याची लस थांबली. कारण देवी फक्त माणसाकडून माणसाला होत होती. धनुर्वाताचे तसे नाही. तो आमच्या कुळागरात, शेतात, गोठ्यात, मातीच्या प्रत्येक मुठीत आजही आहे आणि राहणार आहे. उच्चाटन झाले म्हणजे तो संपला नाही. आपण दर गरोदर बाईबरोबर पुन्हा दार लावून घेतो, एवढेच. एकीच्या बाबतीत विसरलो, तर त्या एका घरात पुन्हा आठवा दिवस येऊ शकतो.

आणि हे घर आपलेच असेल असे नाही. मोपाचा विमानतळ झाला, आमच्या तालुक्यात इमारती, रस्ते उभे राहत आहेत. त्या कामांवर दूरदूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे पत्र्याच्या खोपटांत राहतात. त्यांच्यातली गरोदर बाई आज इथे, तर दोन महिन्यांनी दुसरीकडे. पहिले इंजेक्शन एका गावात, दुसरे राहूनच जाते. तिला इथे सासू नाही, शेजारीण नाही, सटी जागवायला कुणी नाही. आपण तिला एवढेच विचारले, की बाई, तुझे कार्ड कुठे आहे, आणि जवळच्या उपकेंद्राचा रस्ता दाखवला, तरी पुरे आहे. जागरण म्हणजे तरी दुसरे काय?

माझ्या धाकट्या मुलीच्या सटीला आम्ही पाट मांडला. तांदूळ, नारळ, कागद, लेखणी, सगळे ठेवले. त्या कागदाशेजारी आईने आणखी एक वस्तू आणून ठेवली. बायकोचे लसीकरणाचे कार्ड. मी काही बोललो नाही. रात्रभर दिवा तेवत होता.

या चवथीला माटोळीखाली जमलेल्या सगळ्या लेकरांवर गणरायाची आणि त्याच्या आईची कृपा असो. आणि ज्यांना नाव मिळण्याआधीच जावे लागले, त्या आपल्या घराघरांतल्या बाळांची आठवणही एकदा होवो.

गणपती बाप्पा मोरया!